किल्ली कुणाच्या कनवटीला?

लिनिएज ओएसची नवी आवृत्ती निघाली की पुण्या-बंगलोरच्या गार हवेच्या खोल्यांतून जल्लोष उठतो. २०२४ च्या डिसेंबरात २२.१ निघाली. २०२५ च्या ऑक्टोबरात २३.० निघाली. मुक्त सॉफ्टवेअर, मुक्त फोन, मुक्त माणूस! मुक्ती हा शब्द आम्ही लहानपणापासून कुणाकुणाच्या तोंडून ऐकत आलोय. त्यामुळं तो कानावर पडला की आधी सवाल सुचतो, दार कुठंय आणि कडी कुठल्या बाजूनं आहे?

मित्रांनो, ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सरळ भाषेत सांगतो. फोनमध्ये एक मुकादम बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कुठल्या ॲपला कॅमेरा द्यायचा, कुणाला तुमचा आवाज ऐकू द्यायचा, मेमरीत कुणाला किती जागा, बॅटरी कुणी किती प्यायची, तुम्ही आत्ता कुठं उभे आहात हे कुणाला कळवायचं, सगळं तोच ठरवतो. गोदीतल्या मुकादमाशी निदान भांडता येतं. फोनमधल्याचं तोंडही दिसत नाही. राहतो तुमच्या खिशात आणि इमान राखतो भलत्याशीच.

हा मुकादम आपल्या हुकमात असावा म्हणून काही माणसं पेटून उठली, ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर. १९८० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरचा कोड हातात होता, त्यात या लोकांनी स्वतः सोय करून घेतली होती. नव्याचा कोड द्यायला नकार आला. एवढ्यावरून माणूस भडकला. १९८३ च्या सप्टेंबरात त्यानं जीएनयूची घोषणा केली, १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना काढला. त्याचं सार चार शब्दांचं: चालवा, वाचा, बदला, वाटा. वर अट अशी की तुम्ही ज्याला पुढं द्याल त्यालाही हे चारही हक्क द्यायचे. म्हणजे वतनदारी बंद. एका अडकलेल्या कागदावरून हे घडलं. आपल्याकडं किती काय अडकलंय, आणि आपण गप्प.

२००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. त्याचा गाभा लिनक्स, म्हणजे जीपीएलखालचा. वरचे मजले मात्र बरेचसे अपाची परवान्याखालचे. तो परवाना म्हणतो, घ्या, वापरा, आणि वाटलं तर आतून दार लावून घ्या. गूगलनं आणि फोन कंपन्यांनी तेच केलं. २००९ पासून सायनोजेनमॉड नावाची टोळी खुल्या कोडवरून स्वतःचा अँड्रॉइड बांधत होती. २०१३ मध्ये त्यातून कंपनी निघाली. २०१४ च्या डिसेंबरात तर गंमतच झाली. सायनोजेनच्या नावाचा भारतातला एकहाती हक्क आपल्याकडं आहे असं सांगत मायक्रोमॅक्स दिल्ली हायकोर्टात गेली आणि वनप्लसच्या फोनची विक्री काही काळ थांबवून घेतली. फुकट राबणाऱ्या हजार हातांनी बांधलेल्या वस्तूच्या नावावर दोन शेटजी कोर्टात भांडतायत! २०१६ च्या डिसेंबरात कंपनीनं दुकान आवरलं. पण कोड जीपीएल आणि अपाचीखाली सांडलेला होता, तो कुणाला परत गोळा करता आला नाही. त्याच महिन्यात त्यातून लिनिएज ओएस उभी राहिली. परवान्याची ताकद इथं दिसते. ती आम्ही नाकारत नाही.

एक आवृत्ती काढायची म्हणजे काय हमाली असते तेही ऐका. गूगल नव्या अँड्रॉइडचा कोड एकदम टाकतं, जहाजावरून धक्क्यावर माल उतरवावा तसा. मग ही पोरं आपले जुने सगळे बदल त्या नव्या कोडवर एकेक करून चढवतात. निम्मे चढत नाहीत. प्रत्येक फोनच्या मॉडेलचा गाभा वेगळा, कॅमेऱ्याचा तुकडा वेगळा, मोडेमचा तुकडा वेगळा, आणि ते तुकडे बहुधा कंपनीचे, बंद डब्यातले. त्या मॉडेलचा फोन स्वतःजवळ असलेला कुणीतरी स्वयंसेवक रात्र रात्र बसतो. फोन लागतो का, कॅमेरा उघडतो का, कॉलवर आवाज जातो का, पाहतो. मग सही करून आवृत्ती सोडायची. पगार शून्य. या मजुरीला आमचा सलाम. हातानं काम करणाऱ्याला हात ओळखू येतो.

आणि या मजुरीवर वरून घाव चालू आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये गूगलनं सांगितलं, यापुढं अँड्रॉइडचं काम बंद दाराआड होईल, कोड आवृत्तीच्या वेळेलाच बाहेर येईल. जूनमध्ये अँड्रॉइड १६ आला तेव्हा स्वतःच्या पिक्सेल फोनसाठी लागणारी जुळणी गूगलनं दिलीच नाही, जी तोवर दर वेळी मिळत होती. ऑगस्टात जाहीर केलं की २०२६ च्या सप्टेंबरपासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून पुढं जगभर, ज्यानं गूगलकडं आपली ओळख नोंदवली नाही त्याचं ॲप प्रमाणित फोनवर बसणार नाही. ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात म्हणाले, जाणकारांसाठी वाट ठेवू. जाणकारांसाठी! म्हणजे बाकीच्यांनी वेशीबाहेर.

आता मूळ दुखण्याकडं येतो.

कोड खुला आहे, आवृत्ती तयार आहे, फोन तुमच्या मालकीचा आहे. तरी नवा मुकादम आत शिरत नाही. कारण फोनच्या दारात बूटलोडर नावाचा वॉचमन उभा आहे. फोन चालू झाला की सगळ्यात आधी तो उठतो आणि बघतो, आत येणाऱ्यावर कंपनीची सही आहे का. नसेल तर चल फूट. काही कंपन्या अर्ज, खातं, सिमकार्ड मागून, आठवडाभर वाट बघायला लावून कुलूप उघडू देतात. काही अजिबात देत नाहीत.

आम्ही गोदीतली माणसं, सील म्हणजे काय ते आम्हाला शिकवू नका. कंटेनरला सील असतं ते योग्यच आहे. नाहीतर वाटेत माल गायब. फोन चोरीला गेला तर चोराला आत जाता येऊ नये, हेही योग्यच. पण ज्याचा माल त्यालाच जन्मभर उघडू द्यायचा नाही, असं सील आम्ही कुठल्या धक्क्यावर पाहिलेलं नाही. कुलूप असावं की नसावं हा वादच नाही. किल्ली कुणाच्या कनवटीला, एवढंच विचारतोय. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना हे कळलं नव्हतं असंही नाही. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती काढली, तिच्यात लिहिलं की घरगुती वापराच्या यंत्रात हा कोड घालाल तर बदललेला कोड बसवण्याची किल्लीही द्या. पण लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. म्हणून कंपनी आज कायद्यानं कोड दाखवते आणि कुलपानं हात बांधते. कित्येक तर कोडही दाखवत नाहीत, तो भाग वेगळा.

हे नाटक आपण कुठं पाहिलंय? १९२३ साली सी. के. बोले यांनी नव्हे, सी. के. नावानं कुणी चुकू नये म्हणून नीट सांगतो, सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. ठराव पास झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं, मित्रांनो! घाटावर बंद होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळीनं पाणी घेतलं तेव्हा कागद आणि घाट यांतलं अंतर पायांनी कापावं लागलं. मग डोकी फुटली, मग कोर्टकज्जे, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. तहान आणि ॲप यांची बरोबरी मी करत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. पण परवाना म्हणजे ठराव आणि बूटलोडर म्हणजे घाट, एवढं ज्याला दिसत नाही त्यानं मुक्तीवर भाषणं देऊ नयेत.

घाट कसा असतो ते कासार आंबोलीत बघा. पुण्याहून पिरंगुट ओलांडलं की पौडच्या वाटेवरचं गाव. आजूबाजूला कारखाने, आणि कारखान्यांच्या ठेक्यावर जगणाऱ्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या. माझा मावसभाऊ अशाच एका खोलीत तिघांबरोबर राहतो. त्याचा फोन २०१९ चा. सुरक्षेची शेवटची दुरुस्ती २०२१ मध्ये आली, नंतर कंपनीनं हात झटकले. फोन धडधाकट. काच फुटलेली नाही, बॅटरी एकदा बदललेली. नशिबानं मॉडेल लिनिएजच्या यादीत होतं. खोलीतल्या एकाचा जुना लॅपटॉप, दुसऱ्याचा नेटपॅक. कंपनीकडं कुलूप उघडायचा अर्ज केला, आठवडा थांबायला सांगितलं, थांबले. आठव्या दिवशी रात्रपाळीहून आल्यावर बसले आणि दुपारपर्यंत नवी आवृत्ती चढवली. मला फोन करून सांगितलं, दादा, फोन नवा झाला रे. सुरक्षेची दुरुस्ती त्याच महिन्याची. कंपनीनं ठोकलेली, काढता न येणारी डझनभर ॲप गायब. भाषा मराठी.

दुसऱ्या दिवशी बँकेचं ॲप उघडलं. पाटी आली: तुमचे उपकरण सुरक्षित नाही. यूपीआय बंद. पगार खात्यात, खातं फोनमागं, फोन बाटलेला. ठेकेदाराचं हजेरीचं ॲपही नाही म्हणालं. दोन आठवडे तो किराण्याचे पैसे मित्राच्या फोनवरून देत होता. मग रविवारी बसून त्यानं जुना मुकादम परत आत घेतला, २०२१ च्या भोकांसकट. बँकेचं ॲप खुशीत उघडलं.

हे जरा पुन्हा वाचा. ज्या फोनला चार वर्षं दुरुस्ती नाही, ज्यातली भोकं सगळ्या जगातल्या चोरांना पाठ आहेत, तो सुरक्षित. ज्याला गेल्या महिन्याची दुरुस्ती आहे तो असुरक्षित. का? कारण ॲप गूगलला विचारतं, हा फोन तुमच्या सहीचा आहे का. या विचारपूसीचं नाव प्ले इंटिग्रिटी. आधी तिचं नाव सेफ्टीनेट होतं. चार वर्षांची भोकं या तपासणीत बहुधा चालून जातात. तुम्ही स्वच्छ आहात की नाही हे बघायचंच नाही, कुळ कुठलं ते बघायचं. हा प्रकार आम्हाला नवा नाही.

मुळशीच्या मातीलाही नवा नाही. १९२१ मध्ये याच तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढं होते. धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पाणी इथलं, खटका दुसरीकडं.

आता आपलेच काही मित्र म्हणतील, अरे भाकरीचं बोल, हे फोनचे चोचले कशाला? भाकरीचंच बोलतोय बाबांनो. ई-श्रमची नोंदणी फोनवर. पगाराचा मेसेज फोनवर. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची केली, ती फोनवर. नेटवर्क नाही, फोन हँग झाला, की राबलेला दिवस गेला. आणि अंगणवाडीच्या बाया विसरलात? २०१९ मध्ये शासनानं सेविकांना फोन वाटले. २ जीबी रॅमचे. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर ॲप आलं, इंग्रजीत. ते उघडताना फोन गपगार व्हायचा, तापायचा. दुरुस्तीचा खर्च बाईच्या पदरचा. दोन वर्षांत फोन म्हातारे झाले. त्या ऑगस्टात महाराष्ट्रभरच्या सेविकांनी फोन सरकारच्या टेबलावर नेऊन आपटले. या देशात फोनच्या मालकीवर झालेलं सगळ्यात मोठं आंदोलन ते, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या एकाही पंडिताला ते आपलं वाटलं नाही. सरकारनं लाखभर फोन एकगठ्ठा घेताना करारात एक ओळ घालायची होती: कोड द्या, किल्ली द्या. मग हलकी, मराठीतली व्यवस्था त्यावर चढवता आली असती. ती ओळ घालायला कुणी सुचवलं नाही, कारण सुचवणारे स्वतः पिक्सेल वापरतात.

आणि मुक्त कोड आपल्या गल्लीत कुठल्या वेषात आला तेही बघा. मोझिलानं फायरफॉक्स ओएस काढली. २०१४ च्या ऑगस्टात इंटेक्सचा फोन १,९९९ रुपयांत आला. गरिबाच्या हातात मुक्त फोन, अशी वार्ता होती. फोन रडतखडत चालायचा. २०१५ च्या डिसेंबरात मोझिलानं माघार घेतली. टाकलेला कोड उचलून कायओएस बनली आणि २०१७ मध्ये जिओफोनमध्ये बसली. १,५०० रुपये अनामत. वस्तीत, पाड्यावर, गोदीच्या गेटवर, सगळीकडं तो फोन. त्याच्या पोटात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा घाम होता, आणि सिम मात्र एकाच कंपनीचं चालायचं. आतलं काही बदलायची सोय नाही. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर आमच्यापर्यंत पोचलं नाही असं कुणी म्हणू नये. पोचलं. बेड्या घालून पोचलं.

स्वदेशीचा ढोल त्याहून मोठा. २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासनं भारओएस दाखवली, दोन केंद्रीय मंत्र्यांनी फोन हातात धरून फोटो काढले. ती उभी होती अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर. पण तिचा स्वतःचा कोड काही लोकांपुढं आला नाही. विलायती मुकादम जाऊन देशी मुकादम आला तर पाठीवरचं ओझं कमी होतं का? कामाची एक गोष्ट दिल्लीत झाली ती तिच्या तीन महिने आधी. २० ऑक्टोबर २०२२ ला स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला. गूगलचं ॲप-दुकान हवं असेल तर अँड्रॉइडची दुसरी कुठलीही जात बनवायची नाही, असे करार गूगल फोन कंपन्यांकडून लिहून घेत होतं, हाही त्यातला एक गुन्हा. २०२३ च्या मार्चमध्ये अपिलात दंड कायम राहिला, काही आदेश मात्र उडाले. करारावर बोट ठेवलं ते बरं झालं. कुलपावर अजून कुणी ठेवलेलं नाही.

लिनिएजच्या आणि तिच्या भावंडांच्या पोरांना आमचं थेट सांगणं आहे. तुमची यादी बघा. पिक्सेल आहेत, महागडे आहेत. सहा-सात हजारांचा, ठेक्यावरच्या पोराच्या खिशातला फोन त्यात सापडतो का? तुम्ही म्हणाल, त्या चिपांचा कोड कंपन्या देत नाहीत, आमचा काय दोष. कबूल, दोष तुमचा नाही. पण मग आवृत्तीच्या दिवशी जल्लोषाच्या जोडीला त्या कंपन्यांची नावं घेऊन बोंब का मारत नाही? जीपीएल मोडणाऱ्याला नोटीस का जात नाही? पोस्टमार्केटओएसवाले २०१७ पासून फोन दहा वर्षं जगवायची भाषा करतायत, त्यांच्या पाठीशी किती जण आहात? कोड सांभाळणं हे काम आहे आणि घाट उघडणं हेही काम आहे. पहिलं रात्री एकट्यानं होतं. दुसऱ्याला माणसं लागतात, आणि माणसं आमच्याकडं आहेत.

आपल्या पोरांना पण ऐकवायचंय. दहावी पास होऊन मला हे कळलं तर डिप्लोमावाल्यांना का कळू नये? पुढची आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. तोवर आपापल्या चाळीत, वस्तीत, कासार आंबोलीसारख्या खोल्याखोल्यांत जाऊन वही भरा. कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल, घेतलं कधी, शेवटची दुरुस्ती कधी आली, कुलूप उघडतं का, उघडल्यावर कुठल्या बँकेनं, कुठल्या सरकारी ॲपनं हाकललं. पाचशे फोनांची वही झाली की ती घेऊन आधी कामगार आयुक्ताकडं जायचं, मग बँकांच्या दारात, मग मंत्रालयावर. मागणी दोन ओळींची. कंपनीनं दुरुस्ती थांबवली त्या दिवशी किल्ली मालकाला द्या. आणि हजेरी, पगार, रेशन यांसाठी गूगलच्या सहीची अट काढा, नाहीतर साध्या ब्राउझरवरून काम होईल अशी खिडकी ठेवा. वही कुणाकडं जमा करायची ते पुढच्या अंकात छापू. ज्याला मॉडेल नंबर कुठं बघायचा ते माहीत नाही त्यानं बॅटरीखाली नाहीतर सेटिंगच्या शेवटच्या पानावर बघावं.